पुस्तिकेतला सातवा किस्सा

लोकांना पैशाच्या बाबतीत शहाणं करायचं, हे किस्सेताईचं काम होतं. या कामात शहाणं करणाऱ्याला मात्र बेताचाच पैसा मिळतो, हा तिचा वर्गातला पहिला विनोद. तो झाला की खुर्च्यांवर अंग चोरून बसलेली माणसं जरा सैलावायची आणि मग किस्सेताई हळूच व्याजावर यायची. कारखान्याची कँटीन, दवाखान्यातल्या नर्सची विश्रांतीची खोली, शाळेचा रिकामा वर्ग, जिथे म्हणून वीस खुर्च्या आणि एक फळा मिळेल तिथे तिची संस्था तिला पाठवायची. चक्रवाढ व्याज म्हटलं की समोरच्यांना जांभया येतात आणि कुणाची तरी फजिती म्हटलं की तेच लोक सावरून बसतात, हे तिला पहिल्याच वर्षी कळलं होतं. तेव्हापासून ती किस्से सांगायला लागली आणि तिचं खरं नाव लोक विसरून गेले.

तिच्या जोडीला एक सहकारी असायचा. त्याला सगळे आलेख म्हणत, कारण आलेख काढल्याशिवाय त्याला कुठलीच गोष्ट पटायची नाही. चहा महागला तरी हा फळ्यावर रेघ ओढून दाखवणार. तो आकडे सांगायचा, ती किस्से. दोघांची एक पद्धत बसून गेली होती. किस्सा कुणीही सुरू केला तरी शेवटचं वाक्य तिचं. आलेख गोष्ट तिथवर आणून सोडायचा, थांबायचा, तिच्याकडे हात करायचा आणि ती ते वाक्य असं काही टाकायची की मागच्या रांगेत डुलक्या घेणारेसुद्धा हसायचे. पुढे संस्थेच्या साहेबांनी या किश्शांची पुस्तिका छापली. बारा किस्से, प्रत्येकाखाली बोध, शिवाय रंगीत चित्रं. त्यातला सातवा सगळ्यांत गाजला.

तो असा. एक म्हातारे गृहस्थ असतात, एकटे राहणारे. एके दुपारी त्यांना फोन येतो. मी तुमच्या बँकेच्या मुख्य कचेरीतून बोलतोय, तुमचं खातं जुन्या पद्धतीचं आहे, नव्या पद्धतीत घ्यायला आठवडा लागेल. मग रोज दुपारी फोन. गृहस्थ रोज केस विंचरून फोनपाशी बसतात. हवापाण्याच्या गप्पा होतात. फोनवरचा म्हणतो, माझ्या आईला हल्ली सुईत दोरा ओवता येत नाही; गृहस्थ त्याला डोळ्यांची निगा कशी राखायची ते समजावून सांगतात. शेवटच्या दिवशी तो मोबाइलवर आलेला ओटीपी विचारतो. गृहस्थ चष्मा लावून एकेक आकडा नीट वाचून दाखवतात, वर पुन्हा एकदा वाचतात, पोराची चूक व्हायला नको म्हणून. तिकडे खातं साफ होतंय आणि इकडे फोन ठेवायच्या आधी गृहस्थ त्या चोराला विचारतात...

इथे आलेख हात करायचा. किस्सेताई मान जरा तिरकी करायची, घसा खरखरता करायची आणि म्हणायची, "का रे बाळा, जेवलास का?"

हशा. तो ओसरतो न ओसरतो तोच दुसरा. दुसऱ्या दिवशी फोन आला नाही, तेव्हा गृहस्थांना वाटलं, पोरगं आजारी पडलं असणार. दोन दिवस त्यांनी त्याच्या काळजीत काढले आणि मग बँकेत गेले. लोक डोळे पुसत असतानाच किस्सेताई फळ्यावर तीन शब्द लिहायची: ऐका, थांबा, ठेवा. कुणी फोनवर गोड बोलायला लागलं तर ऐका, लगेच उत्तर न देता क्षणभर थांबा आणि एक अक्षर न बोलता फोन ठेवा. कित्येक महिन्यांनी विचारलं तरी लोकांना व्याज आठवत नसे, विमा आठवत नसे, 'जेवलास का' आणि हे तीन शब्द मात्र आठवत. त्या तीन शब्दांनी कित्येकांचे पैसे वाचले असतील. ते काही खोटं नव्हतं.

ते गृहस्थ म्हणजे तिचे वडील.

त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. बायको गेल्यावर त्यांनी ते विकलं आणि दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत राहू लागले. खाली आता मोबाइलची कव्हरं विकतात. दुकान विकून आलेले पैसे त्या आठवड्यात गेले. कळल्यावर किस्सेताई धावत गेली, तेव्हा बाबा ओट्यापाशी स्टुलावर बसले होते. त्यांनी तिला सगळं सांगितलं, पहिल्या फोनपासून शेवटपर्यंत, शेगडीकडे बघत. 'जेवलास का' तिथे आल्यावर त्यांना स्वतःलाच जरा हसू आलं. "मूर्खच मी," ते म्हणाले. आणि मग म्हणाले, "हे आपल्या दोघांतच राहू दे हं. तुला सांगितलं, बास. लोकांत नको."

"नाही सांगणार, बाबा," ती म्हणाली होती. तेव्हा ते तिच्या मनात खरंच होतं.

वर्षभर तिने शब्द पाळला. मग एका वर्गात किस्से संपले, लोक घड्याळाकडे बघायला लागले आणि तिच्या तोंडून तो निसटला. नाव नाही, गाव नाही, चष्म्याच्या दुकानाचा उल्लेख नाही. लोक खदाखदा हसले. घरी परतताना तिने स्वतःला बजावलं, नाव कुठे घेतलं आपण? आणि ते स्वतःही हसलेच होते की. माणूस स्वतःची समजूत घालायला बसला की त्याच्याइतका हुशार वकील सापडायचा नाही. पुढच्या वर्गात तिने त्यांचा आवाज काढून पाहिला. त्याने तर बहारच आली.

एक गोष्ट मात्र तिने किश्शात कधी घेतली नाही. त्या आठवड्यात ती बाहेरगावी वर्ग घेत फिरत होती. बाबांशी बोलून तिला पंधरवडा झाला असेल. मधे एकदा त्यांचा फोन आला होता. "बाबा, वर्गात आहे, नंतर करते," असं म्हणून तिने तो ठेवला आणि नंतर केलाच नाही. हे सांगितलं असतं तर कुणी हसलं नसतं.

पैसे गेल्यापासून मात्र ती रोज संध्याकाळी न चुकता फोन करायची. बाबा फोन उचलायचे ते 'हॅलो'ऐवजी "जेवलीस का?" म्हणतच. संध्याकाळचे सहा वाजलेले असोत नाहीतर सात.

"अहो बाबा, आत्ता कुठे दिवस मावळतोय."

"मग काय झालं? मी दुपारचं विचारतोय."

ती हो म्हणायची. मग काय खाल्लंस, कुणी केलं, आवाज का बसलाय, पंखा डोक्यावर घेऊन झोपतेस का, असं करत करत गाडी कुठूनही कुठेही जायची. कधी कधी ती फोन कानाला लावून एकीकडे उद्याच्या वर्गाची तयारी करायची. तरीही दिवसभरात तिला कुणी काही विचारलं असेल तर तेवढंच. बाकी सगळे तिच्याकडून ऐकायला आलेले असायचे.

बाबांच्या वस्तीतल्या वाचनालयात वर्ग ठरला, तेव्हा तिला आधी बाबाच आठवले. मग तिने विचार केला, बाबा कशाला येतायत? पैसे गेल्यापासून ते भाजी आणण्यापलीकडे बाहेर पडत नसत. वाचनालयात तर पाऊलही टाकलं नव्हतं, कारण तिथली सगळी जुनी गिऱ्हाइकं, कुणी ना कुणी पैशाचा विषय काढणार. तरी खबरदारी म्हणून ती आलेखला म्हणाली, "आज सातवा नको."

"का? सातव्याशिवाय आपल्या वर्गात आहे काय?"

"कंटाळा आलाय मला त्याचा."

आलेखने मान डोलावली. पण त्याला कारण पटलं नव्हतं, आणि न पटलेली गोष्ट त्याच्या लक्षात राहत नसे.

वर्ग सुरू व्हायला पाच-दहा मिनिटं असताना बाबा आले. इस्त्रीचा शर्ट, ताजी दाढी, चकचकीत पुसलेला चष्मा. तिला न सांगता आले होते. दारातच एका जुन्या ओळखीच्याला थांबवून त्यांनी सांगितलं, "शिकवणारी माझी मुलगी आहे." आवाज हळू होता, पण तिला ऐकू गेला. ते दुसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसले, दोन्ही हात मांडीवर ठेवून. पोटच्या पोरीचं गाणं ऐकायला आल्यासारखे बसले होते. तिला आनंद झाला आणि त्याच वेळी सातवा किस्सा आठवला.

तिने त्या दिवशी जीव ओतून शिकवलं. महागाई सांगितली, विमा सांगितला, चार किस्से सांगितले. सगळे लोकांना आवडले. बाबा प्रत्येक विनोदाला हसत होते आणि हसताना शेजारच्याकडे बघत होते. आता आवरतं घ्यावं, असं तिच्या मनात आलं तेवढ्यात मागून एक निवृत्त नर्सबाई उठल्या. त्यांनी दवाखान्यात असताना हा वर्ग एकदा ऐकला होता.

"ताई, तो जेवलास का वाला सांगा की. तो नाही सांगितला तर वर्ग झाल्यासारखा वाटायचा नाही."

"आज वेळ नाही हो. पुढच्या वेळी नक्की."

"पाच मिनिटांचा तर आहे. अहो, काय हसलो होतो आम्ही. सांगा ना."

आणखी दोघीतिघींनी री ओढली. कुणी तरी टाळ्या वाजवल्या. आणि दुसऱ्या रांगेतून बाबा म्हणाले, "अगं, सांग ना. लोक एवढं म्हणतायत तर."

ती पाण्याची बाटली शोधायला वळली आणि तेवढ्यात आलेख पुढे झाला. बिचाऱ्याला वाटलं, ताई दमल्यात. "मी सुरू करतो," तो म्हणाला. पुस्तिका त्याला तोंडपाठ होती. एक म्हातारे गृहस्थ असतात, एकटे राहणारे...

ती बाटली हातात धरून उभी राहिली. बाबांकडे बघायचं नाही, असं तिने ठरवलं आणि पहिल्या वाक्यापासून तिकडेच बघत राहिली. मुख्य कचेरीपर्यंत ते हसतमुख होते. रोज दुपारी फोन यायला लागला, तेव्हा त्यांनी चष्मा काढला. सुईत दोरा ओवायची गोष्ट आली, तेव्हा पुन्हा लावला. आलेख रंगात आला होता. पोराची चूक व्हायला नको म्हणून आकडे पुन्हा वाचून दाखवतात, असं म्हणून त्याने दोन बोटांनी हवेत चष्मा धरला आणि लोक आधीच खुसखुसायला लागले.

मग तो थांबला आणि त्याने तिच्याकडे हात केला.

सगळं वाचनालय तिच्याकडे बघत होतं. ती म्हणू शकली असती, विसरले बाई. खोकू शकली असती. किती तरी गोष्टी करू शकली असती, त्या सगळ्या तिला पुढे कित्येक दिवस सुचत राहिल्या. पण त्या हाताची तिला इतक्या वर्षांची सवय होती, की मान आपोआप तिरकी झाली, घसा आपोआप खरखरता झाला आणि बाबांसमोर बाबांच्याच आवाजात ती म्हणाली, "का रे बाळा, जेवलास का?"

वाचनालय हशाने भरून गेलं. नर्सबाईंनी शेजारणीच्या पाठीत धपाटा घातला. बाबा हसले. सगळ्यांपेक्षा जरा उशिरा, पण हसले, आणि हसताना या वेळी त्यांनी शेजारच्याकडे पाहिलं नाही. आलेखने दोन दिवसांच्या काळजीचा भागही सांगून टाकला. बाबा त्यालाही हसले.

हसू ओसरल्यावर नर्सबाईंनीच विचारलं, "पण काय हो, त्या गृहस्थांना मुलंबाळं नव्हती का? एक फोन करून विचारायचं की त्यांना."

किस्सेताईने हातातल्या बाटलीचं झाकण फिरवलं. आलेखने पुस्तिकेचं पान चाळलं आणि प्रामाणिकपणे म्हणाला, "तसं काही इथे दिलेलं नाही."

"असतील," दुसऱ्या रांगेतून बाबा म्हणाले. "असतील की. कामात असतील."

वर्ग संपल्यावर संस्थेचे तक्ते वाटले. ऐका, थांबा, ठेवा, खाली फोनचं चित्र. बाबांनी रांगेत उभं राहून एक घेतला आणि त्याची सुरळी करून काखेत धरली. ती त्यांना पोचवायला निघाली. रस्त्याच्या कडेला एक माणूस सायकलची साखळी बसवत होता. बाबा उगाचच थांबून ते बघत राहिले.

"आवाज छान काढतेस माझा," ते म्हणाले. "तुझी आई म्हणायची, पोरीला नक्कल चांगली येते."

"बाबा, मी..."

"उपयोग होतो ना लोकांना?"

"होतो."

"मग झालं तर."

"मी काढून टाकायला सांगते तो किस्सा. साहेबांशी बोलते उद्याच. माझं चुकलं, बाबा. फार चुकलं."

"चुकलं काय त्यात? खरंच तर आहे सगळं." साखळी बसली, सायकलवाला निघून गेला, तसे ते चालायला लागले. "फक्त त्या बाईंना तू सांगायला हवं होतंस. मी केला होता फोन. विचारायलाच केला होता, की बँक अशी फोन करते का गं. तू वर्गात होतीस."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर तिने तो आनंदाने झेलला असता. त्यांनी ते चष्म्याचा नंबर सांगावा तसं सांगितलं. तिला रडू फुटलं, भर रस्त्यात. बाबांनी खिशातून रुमाल काढून तिला दिला आणि दारापाशी आल्यावर म्हणाले, "जा आता, उशीर होईल तुला." वर ये, असं म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ती साहेबांकडे गेली. सातवा किस्सा गाळा, म्हणाली. साहेबांना वाटलं, ती चेष्टा करतेय. बारा किश्शांत लोकांच्या लक्षात राहतो तो एकच, पुस्तिका आता आणखी चार संस्था वापरतात, त्यांच्याकडे तर पुस्तिका म्हणजे सातवाच. त्यांनी कारण विचारलं. कारण सांगायचं म्हणजे बाबांची गोष्ट आणखी एका माणसाला सांगायची. ती तशीच उठली. बाहेर आल्यावर तिने आलेखला मात्र सांगितलं. तो हातातला खडू चोळत म्हणाला, "मला थांबवायचं होतं ना, ताई." त्यानंतर त्यांच्या वर्गात सातवा किस्सा कधी झाला नाही. दुसऱ्या वर्गांत होत राहिला. कुठे कुठे कोण कोण बाबांचा आवाज काढत असेल, याचा हिशेब तिच्याजवळ नव्हता.

संध्याकाळचा फोन ती करतच राहिली. बाबा उचलायचे आणि म्हणायचे, "हॅलो."

पहिल्या दिवशी तिला वाटलं, विसरले असतील. दुसऱ्या दिवशी ती नुसतीच थांबून राहिली, आता विचारतील, मग विचारतील. ते म्हणाले, "सगळं ठीक आहे इथे. तुझं?" ती म्हणाली, ठीक. "बरं, मग ठेवू?" रोज हेच. पंख्याचं नाही, बसलेल्या आवाजाचं नाही. तिने आपणहून काही सांगितलं तर ते नीट ऐकून घेत, मधे 'हं' म्हणत आणि संपलं की आभार मानत. परक्या माणसाशी बोलावं तितकं बेताचं बोलत. वाईट एकही शब्द नाही. एकदा ती जाऊन आली, तेव्हा त्यांनी तिला चहा करून दिला, हसले, बोलले. तो तक्ता त्यांनी फोन चार्जिंगला लावतात त्या बटणाच्या वर चिकटवला होता, चारही कोपऱ्यांना पट्टी लावून, अगदी सरळ रेषेत.

त्यानंतरच्या एका संध्याकाळी तिचे दोन वर्ग पाठोपाठ झाले होते. दुसऱ्या वर्गात लोक हसले नव्हते, तिनेही हसवायचा प्रयत्न केला नव्हता. बस थांब्यावरच्या बाकावर बसून तिने फोन लावला.

"हॅलो."

"बाबा, मी."

"हो, बोल. सगळं ठीक आहे इथे."

पलीकडे त्यांच्या खोलीतल्या घड्याळाचा आवाज येत होता. दुकानातलं घड्याळ ते, दुकान विकताना तेवढं त्यांनी ठेवून घेतलं होतं.

"बाबा," ती म्हणाली, "मी सकाळपासून जेवले नाही."

त्यांनी ते ऐकलं. तिला त्यांचा श्वास ऐकू आला, जरा अडखळलेला. ते थांबले, इतका वेळ की तिला वाटलं, आता विचारतील, का गं, असं का म्हणून रागावतील, दुपारचं तरी काही खाल्लंस का म्हणतील. तिने फोन कानाशी घट्ट धरला.

मग त्यांनी फोन ठेवला.